कमी दिवसांचं बाळ घरी येताना : त्वचेला काय लावायचं, काय नाही

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय : बाळ तिसाव्या आठवड्यात झालं, जन्माचं वजन १२४० ग्रॅम. पाच आठवडे एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होतं, आता १७८० ग्रॅम आहे आणि या आठवड्यात घरी सोडणार आहेत. अंगाची सालं निघताहेत, गालावर चिकटपट्टीचा डाग आहे, पाठीवर एक लाल ठिपका हळूहळू वाढतोय. घरी सासूबाईंनी न्हाऊ घालणाऱ्या मावशींना सांगून ठेवलंय. डाळीचं पीठ, हळद, धुरीची शेगडी सगळं तयार आहे. तेल कोणतं लावू, अंघोळ कधीपासून घालू आणि घरच्यांना कसं सांगू?

ताई, मी मिरजेत नवजात बाळांच्या विभागात सिस्टर आहे. घरी निघालेल्या जवळजवळ प्रत्येक आईच्या तोंडी हेच प्रश्न असतात. तुम्हाला लगेच लागेल ते आधी सांगते. पीठ, हळद, साय, धुरी, पावडर, काजळ यातलं काहीही बाळाच्या अंगाला लागू देऊ नका. तेल लावायचंच असेल तर खोबरेल किंवा सूर्यफुलाचं, थोडंसं, न चोळता. २ किलो वजन होईपर्यंत अंघोळ नाही, नुसतं पुसून घ्यायचं. आणि दिवसातले जितके तास जमतील तितके बाळाला तुमच्या उघड्या छातीवर घ्या. त्याच्या त्वचेसाठी याहून चांगलं काही औषधाच्या दुकानात मिळत नाही. आता कारणं सांगते, कारण माहीत असलं की घरात ठामपणे बोलता येतं.

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. अगदी पातळ, पण अंगातलं पाणी आत आणि जंतू बाहेर ठेवायचं काम तोच करतो. पूर्ण दिवसांच्या बाळात या थराचे १० ते २० पदर असतात. तिसाव्या आठवड्यात दोन-तीनच असतात, आणि चोविसाव्या आठवड्याला आलेल्या बाळात जवळजवळ नसतातच. म्हणून अशी बाळं लालबुंद, चकचकीत दिसतात, पोटावरच्या शिरा बाहेरून मोजता येतात. दुधावर नुकती साय धरलेली असावी तशी ती त्वचा असते, बोट फिरलं तरी सरकते. तिच्यातून पाणी सारखं उडत राहतं आणि उडताना अंगाची ऊब घेऊन जातं. म्हणूनच ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला जन्मताच न पुसता मानेपर्यंत स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवतात, आणि फारच लवकर आलेल्या बाळाच्या ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीत पहिल्या आठवड्यात ७०-८० टक्के दमटपणा राखतात. काचेला आतून पाणी का सुटलंय असं अनेक आया घाबरून विचारतात, त्याचं कारण हे.

बाळाच्या अंगावर जन्मतः जो पांढरा चिकट लेप असतो तो शेवटच्या तीन महिन्यांत तयार होतो. तो घाण नव्हे. ओलावा धरून ठेवणं आणि जंतूंना अडवणं ही त्याची कामं. फार लवकर आलेल्या बाळाच्या अंगावर तो नसतो किंवा नावापुरता असतो, म्हणजे हेही संरक्षण त्याला मिळालेलं नसतं. जागतिक आरोग्य संघटना पूर्ण दिवसांच्या बाळाचीसुद्धा पहिली अंघोळ निदान २४ तास पुढे ढकलायला सांगते.

त्वचेचे वरचा आणि खालचा असे दोन मुख्य भाग असतात आणि त्यांना एकमेकांना बांधणारे बारीक धागे असतात. कमी दिवसांच्या बाळात हे धागे कमी आणि कच्चे असतात. चिकटपट्टी ओढली की पट्टीबरोबर वरची त्वचाच निघून येते. मोठ्या माणसात पट्टीची पकड त्वचेच्या पकडीपेक्षा कमी असते, या बाळांत उलटं असतं. तुमच्या बाळाच्या गालावरचा डाग बहुतेक असाच झालाय. दुधाची नळी, प्राणवायूची नळी, सलाईन हे सगळं पट्टीशिवाय टिकत नाही, आणि ते टिकणं बाळाच्या जिवासाठी गरजेचं असतं. तो डाग उघडा, ओला किंवा पिवळसर नसेल तर काहीही लावू नका. अशा वरवरच्या जखमा या वयात चटकन भरतात. पुढे थोडा फिकट किंवा चकाकता डाग राहिला तरी तो मोठेपणी शोधावा लागतो. टाचेवर रक्त काढल्याचे बारीक खळगेही असतील, त्यांनाही काही करायचं नसतं.

ज्यांची बाळं अजून आत आहेत त्या आयांसाठी इथं थोडं थांबते, कारण घरचे लोक बाहेर बसून नुसती काळजी करतात, पण विचारण्यासारखं बरंच असतं. पट्टी थेट त्वचेवर न लावता खाली संरक्षक पातळ पट्टी लावता येते. सिलिकॉनची पट्टी असेल तर ती हळुवार निघते. काढताना वर ओढायची नाही. ओल्या कापसाने किंवा थोड्या तेलाने भिजवत, त्वचा एका बोटाने दाबून धरत, पट्टी स्वतःवरच दुमडत सपाट काढायची. एका मिनिटाचं काम पाच मिनिटांचं होतं, पण ते पाच मिनिटांचंच असायला हवं. पायाला लाल दिवा लावलेला असतो तो प्राणवायू मोजणारा, त्याची जागा दोन ते चार तासांनी बदलायची. नाकात श्वासाची नळी असेल तर नाकाच्या मधल्या पडद्यावर दाब येतो, तो पांढरा किंवा जांभळा पडतोय का हे दर पाळीत अनेकदा बघावं लागतं. सलाईनची जागा दिसत राहील अशी पट्टी लावायची आणि तासातासाला पाहायची. शिरेबाहेर गेलेलं कॅल्शियम त्वचा जाळतं. स्पिरिट पाठीखाली साचून राहिलं तरी भाजल्यासारखं होतं. तुम्ही आत गेल्यावर बाळाच्या नाकाकडे, हाताच्या पट्टीकडे, पाठीकडे पाहा आणि काही वेगळं दिसलं तर सिस्टरना दाखवा. कुणी रागावत नाही. आईचा डोळा एका बाळावर असतो, आमचा एका वेळी अनेक बाळांवर. तुमचं बघणं आम्हाला खरोखर लागतं.

आता लावण्याची गोष्ट. वजनाच्या मानाने बाळाच्या अंगाचं क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या सुमारे तिप्पट असतं, कमी दिवसांच्या बाळाचं त्याहूनही जास्त. त्यावर पातळ त्वचा. म्हणजे अंगाला लावलेली गोष्ट सरळ रक्तात जाते. १९७२ साली फ्रान्समध्ये लहान मुलांच्या एका पावडरीत हेक्साक्लोरोफीन नावाचं जंतुनाशक चुकून जास्त प्रमाणात मिसळलं गेलं. २०४ मुलं आजारी पडली, ३६ दगावली. पावडर फक्त अंगाला लावली होती. ती कमी दिवसांची बाळं नव्हती, हे लक्षात घ्या. आमच्या विभागात आयोडीनचं औषध वापरलं की काम झाल्याबरोबर पुसून काढतो, कारण ते अंगात जाऊन बाळाचं थायरॉईड मंद करतं.

हे घरात लागू करताना पहिला विषय दुपट्यांचा घेते, कारण त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. आपल्याकडे घरातल्या आधीच्या बाळांची झबली, टोपडी, दुपटी ट्रंकेत जपून ठेवतात आणि त्यात डांबरगोळ्या टाकतात. त्या गोळ्यांतलं नॅप्थलिन कपड्यात मुरतं, बाळाच्या त्वचेतून आणि श्वासातून आत जातं. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचं एक एन्झाइम जन्मतः कमी असतं. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅप्थलिनने फुटतात आणि जोराची कावीळ होते, इतकी की ती मेंदूपर्यंत पोचू शकते. तेल लावलेल्या अंगातून ते आणखी सहज शिरतं. तेव्हा ट्रंकेतलं काहीही सरळ बाळाला घालू नका. आधी धुवा, दोन-तीन दिवस कडक उन्हात टाका, पुन्हा धुवा, आणि वास येतोय का बघा. थोडा जरी वास आला तरी ते दुपटं बाजूला ठेवा.

बारशाला आलेले नवे रंगीत कपडेही आधी धुवायचे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये लंगोटांवर मारलेल्या शाईच्या शिक्क्यांमुळे बाळं निळी पडल्याची नोंद आहे, शाईतलं अ‍ॅनिलीन त्वचेतून गेलं होतं. आणि आपल्या भागात बोअरचं पाणी जड. साबण नीट निघत नाही, कपडा वाळल्यावर खरखरीत होतो. एक पाणी जास्त घ्या. आजीच्या जुन्या सुती लुगड्याचं किंवा आजोबांच्या धोतराचं कापड सगळ्यात उत्तम, नव्या मखमली दुपट्यापेक्षा कितीतरी मऊ. शिराळ्याच्या बाजूला पावसाळ्यात दुपटी दोन-दोन दिवस वाळत नाहीत. तिथल्या बायांना मी सांगते की इस्त्री फिरवून कोरडी करा, दमट लंगोट घालू नका, जांघेत बुरशी धरते.

तेलाबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं. ढाक्याच्या शिशु रुग्णालयात ३३ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाचं तेल हलक्या हाताने लावून पाहिलं गेलं. २००५ साली त्याचे निकाल आले. तेल न लावलेल्या बाळांपेक्षा रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग सुमारे ४० टक्के कमी होता. पुढच्या अभ्यासांत सगळीकडे इतका फायदा दिसला नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली तेल ‘लावायला हरकत नाही, विचार करावा’ इतपतच म्हटलं. माझंही मत तसंच आहे. तेल लावलंच पाहिजे असं नाही. लावलं तर कोणतं, हे मात्र महत्त्वाचं. सूर्यफुलाच्या तेलात जे आम्ल जास्त असतं ते त्वचेचा पदर बांधायला उपयोगी पडतं. खोबरेलही चालतं, त्याने पाणी उडणं कमी होतं. ऑलिव्ह, बदाम आणि शेंगदाणा तेलात ओलेइक आम्ल जास्त, ते कच्च्या त्वचेचा पदर सैल करतं. मोहरीचं तर नकोच. महागड्या ऑलिव्ह तेलाची बाटली कुणी भेट आणली तर ती तुम्ही स्वतःच्या पायांना लावा.

तेल लहान बाटलीतलं, ताजं, बाळासाठी वेगळं. स्वयंपाकाच्या किटलीतलं नको, तिच्यात सगळ्या घराचे हात आणि पळ्या गेलेल्या असतात. लावताना हात धुतलेले, नखं कापलेली, बांगड्या वर सरकवलेल्या, अंगठी काढलेली. चहाच्या निम्म्या चमच्याइतकं तेल तळहातावर ऊबदार करायचं आणि पोट, पाठ, हात-पायांवर नुसतं पसरवायचं. चोळायचं नाही, दाबायचं नाही, हातपाय ओढून व्यायाम द्यायचा नाही. जिथं त्वचा फाटलीय, ओली आहे तिथं लावायचं नाही. चेहऱ्यावर, टाळूवर थापायचं नाही. टाळू तेलाने भरली जात नाही, ती हाड वाढून भरते. दार-खिडकी बंद करून, पंखा बंद करून, एकेक भाग उघडा करत लावा. गार पडलेल्या बाळाला तेलाचा काही फायदा नाही. सालं निघताहेत तिथं तेलाने ती नरम पडतील, पण हाताने ओढू नका, कापू नका. ती निघणं चांगलं लक्षण आहे. जन्मानंतर दोन ते चार आठवड्यांत अशा बाळाची त्वचा झपाट्याने पक्की होते. तेविसाव्या-चोविसाव्या आठवड्याच्या बाळांना मात्र दोन महिने लागू शकतात. तुमचं बाळ पाच आठवड्यांचं आहे. म्हणजे अवघड टप्पा मागे पडलाय, पण त्वचा अजून पूर्ण दिवसांच्या बाळासारखी जाड झालेली नाही.

अंघोळीबद्दल प्रत्येक रुग्णालयाचा नियम थोडा वेगळा असतो. आम्ही २ किलो वजन आणि बेंबी पूर्ण कोरडी ही खूण धरतो. तोवर कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या मऊ कापडाने मान, काखा, जांघा आणि शू-शीची जागा पुसायची, लगेच कोरडं टिपायचं. टिपायचं, घासायचं नाही. पुढे अंघोळ सुरू झाली तरी आठवड्यातून दोन-तीनदा पुरे, पाच मिनिटांच्या आत आणि बहुतेक वेळा नुसत्या पाण्याने. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि त्या आम्लतेत घातक जंतूंना सहजी वाढता येत नाही. नेहमीच्या साबणाने ती आम्लता जाते आणि अशा बाळात परत यायला वेळ लागतो. पाण्यात अँटिसेप्टिक टाकू नका.

हळदीवर बोलताना मला जपून बोलावं लागतं, कारण सांगलीची हळद म्हणजे आपला अभिमान, २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. सासूबाई म्हणतील, हळद जंतुनाशक आहे, आमच्या सगळ्यांना लावली, काय झालं? त्यांना सांगा, तुमची मुलं पूर्ण दिवसांची होती. दळलेली हळद निर्जंतुक नसते. तिच्यात मातीतले जंतू आणि बुरशी असू शकते, कणांनी त्वचा खरवडते, आणि बाजारात मिळणाऱ्या पुडीत रंग चढवायला शिशाचा पिवळा रंग मिसळल्याचे प्रकार होत आलेत. बेंबीला हळद, राख, तेल, बोरिक पावडर काहीच नको. नाळ कोरडी आणि उघडी ठेवली की आपोआप पडते. लंगोट बेंबीच्या खाली दुमडा.

डाळीच्या पिठाचं आणखी एक काम मावशी करतात, ते म्हणजे लव काढणं. पिठाचा गोळा तेल-दुधात भिजवून पाठीवर, कपाळावर घासतात. कमी दिवसांच्या बाळाच्या अंगावर लव जास्त असते, कारण ती पोटातच शेवटच्या आठवड्यांत गळायची असते आणि हे बाळ त्याआधीच बाहेर आलंय. ती स्वतःहून गळते, काही आठवड्यांत. गोळा घासून लवेबरोबर त्वचेचे ते दोन-चार पदरच निघतात. असं केल्यावर दोन दिवसांनी पू भरलेल्या फोडांनी, ताप किंवा गार अंग घेऊन बाळं परत आलेली मी पाहिलीत. गोरं व्हावं म्हणून साय आणि पीठ लावणं हे तर बाळाच्या गरजेचं नाहीच. रंग पिठाने ठरत नाही, आणि १८०० ग्रॅमच्या लेकराला त्याच्या रंगासाठी कुणी त्रास देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

धुरी अजिबात नको. ओवा, शेपा, गोवरी काहीही असो, ज्या फुप्फुसांना आत्ता-आत्ता यंत्राशिवाय श्वास जमू लागलाय त्यांना धूर सोसत नाही, आणि शेगडीवर धरलेलं बाळ भाजल्याच्या घटना घडतात. तव्यावर कापड तापवून पोट शेकणंही बंद. कापूर, बाम, छातीला चोळायचं औषध यांनी अशा बाळाचा श्वास थांबू शकतो किंवा झटके येऊ शकतात. काजळात शिसं असू शकतं, डोळ्यात नको आणि तिटेपुरतंही त्वचेवर नको. तीट हवीच असेल तर पाळण्याच्या लाकडाला लावा. काळा दोरा, करदोटा, मनगट्या, वाळे हेही पाळण्याला बांधा. सुज आली की दोरा रुततो आणि दुपट्यात ते दिसत नाही. आणि बिब्बा घरात बाळाच्या जवळही नको. त्याचं तेल मोठ्या माणसाच्या हाताला फोड आणतं, तर या त्वचेचं काय होईल ते सांगायला नको.

लंगोटाच्या जागेसाठी साधा नियम : ओलं झालं की लगेच बदलायचं, पाण्याने पुसायचं, हवा लागू द्यायची. लालसर झालं तर झिंक ऑक्साइडचं साधं मलम पातळ थरात. सुगंधी ओले रुमाल नकोत. गडद लाल होऊन कडेने बारीक पुळ्या उठल्या तर ती बुरशी असते, डॉक्टरांना दाखवा. दुकानातून ‘पुरळावर काहीतरी द्या’ म्हणून मलम आणू नका. ही गोष्ट मी हात जोडून सांगते. आपल्या भागात स्टिरॉइड, बुरशीचं आणि जंतूचं औषध एकत्र असलेल्या ट्यूबा विनाचिठ्ठी मिळतात. दोन दिवसांत पुरळ मावळतं, म्हणून लोक लावत राहतात. लंगोटाखाली झाकलेल्या त्या जागेतून स्टिरॉइड भरपूर आत जातं, त्वचा आणखी पातळ होते आणि बाळाच्या अंगातल्या स्वतःच्या स्टिरॉइडचं काम मंदावतं.

तुम्ही तासगावकडच्या, म्हणून हे खास तुमच्यासाठी. घरी द्राक्षबाग असेल तर छाटणीनंतर फवारणी सुरूच असते. बाळाचे वडील किंवा आजोबा फवारून आले की अंगणातच कपडे काढून, साबणाने अंघोळ करून, डोकं धुऊन मगच बाळाजवळ यायचं. फवारणीचे कपडे बाळाच्या कपड्यांबरोबर भिजवायचे नाहीत, त्याच दोरीवर वाळत घालायचे नाहीत. कीटकनाशकं मोठ्या माणसाच्याही त्वचेतून आत जातात. पंप आणि बाटल्या बाळाच्या खोलीत कधीच नकोत.

ऋतूचंही बघावं लागतं. अशा बाळाला सुरुवातीचे काही आठवडे नीट घाम येत नाही, त्यामुळे जत, आटपाडी, माण, खटावच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात जाड गुंडाळलेलं बाळ तापतं आणि ताप समजून औषध दिलं जातं. आधी एक दुपटं काढून अर्ध्या तासाने थर्मामीटर लावा. उलट जावळी-वाईकडच्या थंडीत टोपडं, मोजे आणि अंगावर अंग हेच लागतं. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियसच्या मध्ये असावं. खोलीत साधा थर्मामीटर टांगलात तर २६ ते २८ अंश बघा.

पाठीवरचा ठिपका. तुम्ही लिहिलंय तसा तो जन्मानंतर दिसू लागला असेल आणि लालभडक, किंचित उंच होत असेल तर तो बहुतेक रक्तवाहिन्यांचा गुच्छ आहे. कमी दिवसांच्या बाळांत, त्यातही मुलींत, तो जास्त आढळतो. अनेकांना वाटतं की रुग्णालयात भाजलं किंवा सुई लागली. तसं नसतं. पहिले काही महिने तो वाढतो, मग थांबतो, आणि पुढच्या काही वर्षांत हळूहळू विरतो. पाठीवरच्या लहान ठिपक्याला सहसा काहीच करावं लागत नाही. मात्र डोळ्याजवळ, ओठावर, नाकावर किंवा लंगोटाच्या जागी असेल, फुटून जखम होत असेल, किंवा अंगावर पाच-सहा ठिकाणी असेल तर थांबू नका, त्यावर पोटातून द्यायचं चांगलं औषध आहे आणि ते लवकर सुरू केलं तर उपयोग होतो. दर आठवड्याला शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा आणि तपासणीला जाताना दाखवा.

रात्र असो की सण, ताबडतोब निघायचं ते कशासाठी? बाळ ओढून दूध पीत नसेल, हलवून जागं होत नसेल, अंग गार पडलं असेल किंवा ताप असेल, श्वास मिनिटाला ६० च्या वर जात असेल किंवा छाती आत खेचली जात असेल, बेंबीभोवती लाली किंवा पू असेल, अंगावर पुवाचे फोड उठले असतील, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, त्वचा कडक लागत असेल. १०८ ला फोन करा, बाळाला छातीवर घेऊनच गाडीत बसा. सरकारी रुग्णालयात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे, पैशासाठी सकाळची वाट बघू नका. आशाताई घरी येतील तेव्हा बाळ पूर्ण उघडं करून वजन आणि त्वचा दोन्ही बघायला लावा.

आता घरच्यांना कसं सांगायचं. नुसतं ‘हे नको, ते नको’ म्हटलं तर आजीला वाटतं आपल्याला बाजूला काढलं. त्यांच्या हातात दुसरं काम द्यावं लागतं, आणि ते काम खरं महत्त्वाचं आहे. बाळाला फक्त लंगोट आणि टोपडं घालून उघड्या छातीवर उभं धरायचं, वरून पदर किंवा शाल. ही पद्धत १९७८ साली कोलंबियात बोगोटा इथं सुरू झाली, पेट्या कमी पडत होत्या म्हणून. आता जागतिक आरोग्य संघटना कमी वजनाच्या प्रत्येक बाळाला रोज ८ ते २४ तास अशी ऊब द्या म्हणते. त्वचेला याने काय मिळतं? बाळ उबदार राहतं, दुपट्याशी घासणं कमी होतं, आणि रुग्णालयातल्या हट्टी जंतूंऐवजी घरच्या माणसांच्या अंगावरचे निरुपद्रवी जंतू त्याच्या त्वचेवर वस्तीला येतात. आई दमते, म्हणून पाळ्या लावायच्या. बाळाचे वडील घेऊ शकतात, आजी घेऊ शकते, मावशीही. अट एवढीच की सर्दी, खोकला, अंगावर खरूज-नायटा किंवा ओठावर फोड नसावेत. ओठावरच्या त्या फोडांचा विषाणू अशा बाळाच्या जिवावर बेततो, म्हणून बारशाला पापे घेणं तर पूर्ण बंद.

न्हाऊ घालणाऱ्या मावशींना नाही म्हणू नका, त्यांना तुमच्यासाठी बोलवा. तुमची पाठ, कंबर त्यांनी जरूर चोळावी. बाळाची मालिश अडीच किलो झाल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, आणि तीही हलक्या हाताने.

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी सासूबाईंना घेऊन रुग्णालयात जा. सिस्टरना सांगा की घरी बाळ यांच्याकडेही असणार आहे. त्यांना अंघोळ करून, सुती साडी नेसून, गळ्यातलं काढून यायला सांगा, म्हणजे तिथंच तासभर बाळ त्यांच्या छातीवर देता येईल आणि मान कशी ठेवायची, नाक कसं मोकळं राहतं हे सिस्टर त्यांना दाखवतील. घरी गेल्यावर दुपारी तुम्ही झोपाल ती पाळी त्यांची ठेवा.